दोन धारांचं ब्लेड आणि साताऱ्याची प्रिया: सेफ्टी रेझरने दाढी शिकायची तर

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी चक्कर मारली, तर एकाच गोणपाटावर कार्ब्युरेटर, पितळी तोट्या, स्पीडोमीटरच्या काचा आणि दाढीचे जुने रेझर पसरलेले दिसतात. जुन्या गाड्यांचे पार्ट शोधणारे आणि रेझर शोधणारे बऱ्याचदा तेच लोक असतात. मीही त्यांतलाच. वडिलांची बजाज प्रिया स्कूटर चालू ठेवायची म्हणून मी तिथे जायला लागलो आणि येताना खिशात रेझर यायला लागले. प्रिया साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे आमच्या गावात ती जरा जास्तच घरची.

दोन्ही नादांत पैसा कमी आणि हात जास्त लागतो. उलटा कारभार करणारेही पुष्कळ भेटतात: कपाटात डझनावारी साबण आणि गळ्यावर कायमची पुरळ. म्हणून आधी एक रेझर, एक साबण, एक ब्रश आणि तीन-चार प्रकारची ब्लेडं एवढ्यावरच भागवा. महिना-दोन महिने यात काहीही बदल करू नका. एका वेळी चार गोष्टी बदलल्या, तर आग कशामुळे झाली हे शेवटपर्यंत कळत नाही.

रेझर

किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ साली दुधारी ब्लेडचे सेफ्टी रेझर विकायला सुरुवात केली आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. दोन्ही बाजूंना धार असलेलं पातळ पातं, वरून टोपी, खालून पट्टी आणि मधून स्क्रू. मांडणी अजून तीच आहे. १९२०च्या दशकातल्या जिलेटमध्ये आज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं ब्लेड बिनतक्रार बसतं. प्रियाच्या एका रबरी वायसरासाठी मी तीन पेठा पालथ्या घालतो, त्या मानाने हा छंद फारच सुखाचा.

रेझर मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. टोपी, पट्टी आणि दांडा असे तिन्ही भाग सुटे होतात तो तीन तुकड्यांचा. पट्टी दांड्यालाच जोडलेली असते तो दोन तुकड्यांचा. आणि दांड्याचं टोक फिरवल्यावर वरची दोन दारं उघडतात तो फुलपाखरू. घरातल्या मोठ्यांकडे हाच असायचा आणि लहानपणी तो उघडझाप करण्यावरून आम्ही बोलणी खायचो. शिकायला मात्र तीन तुकड्यांचा घ्या. त्यात बिघडण्यासारखं काहीच नसतं आणि कानाकोपरा धुता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी. सरळ, बंद पट्टीचा रेझर सौम्य असतो. कंगव्यासारखे दाते असलेला रेझर वाढलेली दाढी सहज काढतो, पण नवख्याला सहसा नको. जर्मनीतल्या सोलिंगनचा मेर्कुर ३४ सी किंवा मुहलेचा आर ८९ हे जगभर पहिल्या रेझरसाठी सुचवले जातात. पण सुरुवात भारतात बनणाऱ्या पार्कर किंवा पर्लच्या सौम्य रेझरने केली तरी काही अडत नाही. थोडा वजनदार बघा. हलक्या प्लास्टिकच्या रेझरवर हात आपोआप दाब देतो आणि सगळी रक्तबंबाळ प्रकरणं तिथूनच सुरू होतात.

स्वस्त रेझरचं डोकं बहुधा झमॅकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतलेलं असतं. आपल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या बॉड्याही अशाच ओतीव. वरचा क्रोमचा मुलामा शाबूत आहे तोवर ठीक, तो उडाला की आतला धातू खाल्ला जातो. पितळी किंवा स्टेनलेस रेझर महाग पडतो, पण नातवाला देता येतो.

जुना रेझर पारखताना

इथे थोडं रेंगाळू, कारण फसवणूक इथेच होते.

जुनी फियाट, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, घ्यायला जाताना आमचे काका खिशात लोहचुंबक न्यायचे. दारावर, मडगार्डवर फिरवायचे. पत्रा असला तर चिकटतं, नुसती लांबी, म्हणजे पुटी, भरून वर रंग मारला असेल तर घसरतं. ताज्या रंगाची गाडी दिसली की ते म्हणायचे, ‘आधी हिने काय लपवलंय ते बघू.’ रेझरच्या बाबतीत हे वाक्य तंतोतंत लागू आहे. बफिंग मारून चकचकीत केलेला रेझर घेऊ नका. जुन्या पितळी रेझरवरचा निकेलचा थर पातळ असतो, बफिंगच्या चाकावर तो कडांवरून निघून जातो आणि चेहऱ्याला लागणाऱ्या भागाचा आकारही बदलतो. काळपट, साबणाची पुटं चढलेला पण मूळ मुलाम्याचा रेझर त्याहून केव्हाही चांगला. चुंबक इथेही उपयोगी आहे, पण अर्धवट: चिकटलं तर आत लोखंड आहे हे नक्की, पण नाही चिकटलं तर पितळही असेल किंवा झमॅकही. मग वजन आणि आटे बघा. पितळेचे आटे झिजले तरी पिवळेच दिसतात, झमॅकचे करडे होऊन भुगा पडतो.

विक्रेत्यासमोरच पुढच्या गोष्टी तपासा. तिन्ही भाग सुटे करा. सुटत नसतील तर ‘घरी तेल घालून सुटेल’ या आश्वासनावर पैसे मोजू नका. खालची पट्टी मोबाइलच्या काचेवर उपडी ठेवून डुलते का पाहा. डुलली तर ती वाकलेली आहे आणि ब्लेड एका बाजूला जास्त बाहेर येणार. दातेरी पट्टी असेल तर एकेक दाता बोटाने चाचपा. पोकळ दांड्याच्या जुन्या जिलेटला दांड्याच्या गळ्याशी उभी चीर जाते, ती उजेडात धरून शोधा. शेवटी एक नवं ब्लेड घालून (ते आपलं आपण न्यावं) दोन्ही बाजूंची धार समान दिसते का बघा.

अमेरिकन जिलेटच्या पट्टीखाली बऱ्याचदा एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ‘ए’ म्हणजे १९५५, ‘ई’ म्हणजे १९५९, ‘एफ’ म्हणजे १९६०. आपल्याकडच्या बाजारात ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेले जास्त सापडतात. त्यांतला १९३८ पासूनचा ‘टेक’ हा तीन तुकड्यांचा रेझर दिसला आणि वाकलेला नसला, तर डोळे झाकून घ्या. नवख्याला त्याच्याइतका सांभाळून घेणारा जुना रेझर दुसरा नाही.

घरी आणल्यावर कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण आणि जुना टूथब्रश एवढंच वापरा. फार झालं तर टूथपेस्टचा हलका हात. मग सर्जिकल स्पिरिटमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, लाखेचा थर आणि प्लास्टिकचा दांडा दोन्ही जातात. चिंचेने किंवा पितांबरीने घासायची सुरसुरी येते, ती आवरा.

ब्लेडं

सेव्हन ओ’क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड, टोपाझ ही आपल्याकडे सहज मिळतात. जपानी फेदर अतिशय धारदार म्हणून प्रसिद्ध आहे, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. कोणाच्या गालाला कोणतं ब्लेड मानवेल हे सांगता येत नाही, म्हणून वेगवेगळी पाकिटं घ्या. देशी ब्लेड काही रुपयांत येतं, तेव्हा प्रयोग परवडतो. एका ब्लेडवर तीन ते पाच दाढ्या काढा. ओढ जाणवली की लगेच बदला. एक ब्लेड पंधरवडाभर पुरवायची जुनी काटकसर इथे नको.

ब्लेड पकडायचं ते आखूड बाजूंनी, जिथे धार नसते. धार कधीही टॉवेलने पुसू नका, तिच्यावर अतिशय पातळ लेप असतो आणि पुसल्यावर तो बिघडतो.

ब्लेडच्या जाडीची एक गंमत. ती असते ०.१ मिलिमीटर. आमच्या साताऱ्याच्या मेकॅनिकला फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, सापडलं नाही की तो चार जुनी ब्लेडं एकत्र धरून प्रियाच्या काँटॅक्ट पॉइंटची फट बघायचा. साधारण ०.४ लागते, ती बरोबर यायची. अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून डिकीत तर प्रत्येकाच्याच असायचं, प्लगवरचा कार्बन खरवडायला.

पाणी, साबण आणि फेस

माझ्या मते निम्मी दाढी फेसात आहे. रेझरवर हजारो रुपये घालून फेस मात्र जेमतेम करणारा माणूस कायम ब्लेडला दोष देतो.

आधी पाणी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाशी संयोग पावून चिकट पांढरा साका करतात आणि फेस बसून जातो. पुण्याच्या नव्या उपनगरांत हा त्रास घरोघरी आहे. उपाय सोपा: वाटीभर आरओचं पाणी कोमट करून फक्त फेसासाठी घ्या, तोंड धुवायला नळाचं चालेल. काकांच्या पद्मिनीच्या बॅटरीत नळाचं पाणी घालायला बंदी होती, डिस्टिल्ड वॉटरची बाटली गॅरेजच्या फळीवर वेगळी ठेवलेली असायची. कारण तेच, क्षार.

साबण म्हणजे दाढीचाच साबण. अंघोळीची वडी चालत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि ते पोटॅशियमच्या अल्कलीने मुरवलेलं असतं, म्हणून त्याचा फेस दाट आणि टिकाऊ होतो. क्रीमनेही उत्तम काम होतं आणि नवख्याला तेच सोपं. शाकाहारी मंडळींनी वेष्टणावर ‘सोडियम टॅलोवेट’ आहे का बघावं, ती जनावराची चरबी. ‘पामेट’ म्हणजे पामतेल.

ब्रशमध्ये बॅजर या प्राण्याचे केस, डुकराचे केस आणि सिंथेटिक असे पर्याय आहेत. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाण्यात भिजवावा लागतो आणि बरेच दिवस वापरल्यावर त्याची टोकं मऊ होतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर सरळ सिंथेटिक घ्या. पावसाळ्यात नैसर्गिक केसांचा ब्रश चार-चार दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो.

आता कृती. ब्रश भिजवून चांगला झटका, टपटप गळता कामा नये. वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवा. टोकांवर दाट लेप जमला पाहिजे. मग वाटीत घ्या. पितळी, जरा जड बुडाची वाटी उत्तम, गुळगुळीत स्टीलची हातातून निसटते. फिरवत राहा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा. सुरुवातीला फेस कोरडा, पांढराफट्ट आणि खडबडीत दिसतो. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तोच फेस गालावर दोन मिनिटांत वाळतो. थांबू नका. अजून काही थेंब, अजून फिरवणं. हळूहळू बुडबुडे बारीक होत नाहीसे होतात आणि फेसावर चमक येते. ब्रश उचलल्यावर घट्ट दह्यासारखं टोक उभं राहून जरा वाकलं की तयार. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, पुन्हा थोडा साबण घ्या. दोन बोटांत चोळून पाहा, बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत.

दाढी

आदल्या दिवशी खुंट वाढलेले असताना चेहऱ्यावरून चारी दिशांनी बोट फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, अडतं ती उलटी. गालावर केस बहुधा खाली वाढतात, पण गळ्यावर काहीही होऊ शकतं. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला ते आडवे, कानाकडे जातात. हा नकाशा एकदा मनात पक्का झाला की निम्मी पुरळ संपली.

अंघोळीनंतर दाढी करा किंवा चेहरा कोमट पाण्याने दोन मिनिटं भिजवा. ओला केस बराच मऊ होतो. फेस ब्रशने गोल गोल लावा, म्हणजे केस उभे राहतात. शेवटी रंग मारल्यासारखे सरळ हात फिरवून सारखा करा.

रेझरचा कोन असा शोधा: टोपी गालाला टेकवा, दांडा चेहऱ्यापासून काटकोनात. आता दांडा सावकाश खाली आणा. एका क्षणी धार टेकल्याचं जाणवेल. तिथेच थांबा. पातं आणि कातडी यांत साधारण ३० अंश होतात, पण मोजत बसू नका, कान द्या. बरोबर कोनात खुंट कापले जाताना बारीक खरखर ऐकू येते. आवाज बंद झाला की एक तर केस संपले किंवा कोन सुटला. दाढी करताना मी बाथरूमचा पंखा आणि मोबाइलवरची गाणी दोन्ही बंद ठेवतो ती याचसाठी. जुनी टू-स्ट्रोक चालवणाऱ्याला ही सवय असतेच. गाडी चढावर कुठे धापा टाकते ते त्याला मीटरआधी कानाने कळतं.

दाब शून्य. रेझरचं वजनच काम करतं. दांडा शेवटच्या टोकाशी दोन-तीन बोटांत धरला तर दाब देणं अवघड होतं, म्हणून सुरुवातीला तसाच धरा. हात छोटे मारा, दोन-तीन सेंटिमीटरचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. बोटं घसरत असतील तर ती ओल्या तुरटीवर घासा, पकड येते. रेझर कधीही आडवा सरकवू नका, ब्लेड सुरीसारखं कापतं.

कल्ल्यांपासून सुरू करून गाल, मग गळा, आणि ओठांवरचा भाग व हनुवटी शेवटी. तिथले केस राठ असतात, फेसाखाली त्यांना जास्त वेळ भिजू द्या. वरच्या ओठासाठी ओठ दातांवरून खाली ओढा. हनुवटीच्या वळणावर अगदी इवलेसे हात आणि प्रत्येक वेळी कोन नव्याने. जबड्याच्या हाडावर कातडी वर गालाकडे ओढून घ्या, म्हणजे हाडावरचा भाग सपाटीवर येतो.

पहिली फेरी केसांच्या दिशेने. धुवा, पुन्हा फेस लावा, दुसरी फेरी आडवी. फेस नसलेल्या जागेवर रेझर फिरवायचा नाही, ‘एवढंच राहिलंय’ असं वाटलं तरी. तिसरी म्हणजे सलूनमध्ये विचारतात तो ‘उलटा हात’. तो पहिला महिनाभर विसरा. गळ्यावर तर काहींनी तो कधीच मारू नये. उलट्या हाताने केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो, मग गाठी येतात. दोन फेऱ्यांनंतर जरा खरखर राहिली तर राहू द्या, ऑफिसात कोणी गालावरून हात फिरवून बघत नाही.

नंतर

गार पाण्याने चेहरा धुवा आणि ओल्या कातडीवर तुरटी फिरवा. किराण्यातल्या खड्याला धारदार कोपरे असतात, आधी ओल्या फरशीवर घासून ते गोल करून घ्या. अर्धा-एक मिनिट थांबून धुऊन टाका. तुरटी जिथे झोंबते तिथे आज दाब पडला, एवढा सरळ हिशेब. रोज कुठे झोंबतं ते लक्षात ठेवा, तीच तुमची दुरुस्तीची यादी. कापलं असेल तर खडा त्या जागी तसाच दाबून धरा. वर साधं मॉइश्चरायझर. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह ज्याला हवं त्याने लावावं, गरज म्हणून नव्हे तर वासासाठी.

रेझर सैल करून पाण्याखाली धुवा, झटका, उभा ठेवा. पुन्हा आवळताना बोटांच्या जोराने बसेल इतकाच आवळा. प्लग आवळताना हात सैल सोडायला शिकलेल्यांना हे सांगायची गरज पडत नाही, आटे एकदा गेले की गेलेच. आठवड्यातून एकदा तिन्ही भाग सुटे करून टूथब्रश मारा. ब्रश स्वच्छ धुऊन हवेशीर जागी ठेवा, बंद कपाटात नाही. केस गळायला लागलेला ब्रश फेकू नका. आमच्याकडे वडिलांचा निवृत्त ब्रश प्रियाच्या डिकीत जायचा आणि पेट्रोलमध्ये बुडवून कार्ब्युरेटर, इंजिनाच्या पंख्याच्या पात्या साफ करायचा. त्याच्याइतका मऊ आणि चिवट ब्रश गॅरेजमध्ये विकत मिळत नाही.

विमानात ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत. ती चेक-इनच्या सामानात टाका किंवा पोहोचल्यावर तिथेच घ्या. वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. मिल्कमेडचा रिकामा डबा धुऊन घ्या, झाकण सील ठेवून वर ब्लेड जाईल एवढी खाच पाडा. दूध काढायला पाडलेली भोकं टेपने बंद करा. असा डबा काही वर्षं पुरतो. भरल्यावर खाचेवर जाड टेप लावून ‘ब्लेड’ असं ठळक लिहा आणि सुक्या कचऱ्यात न मिसळता कचऱ्याच्या गाडीवरच्या ताईंच्या हातात वेगळा द्या.